सॅनिटायझर झोंबतं म्हणून साबणाकडे वळू नका

2020 च्या मे महिन्यात मी नागपुरात कोविड वॉर्डात होते. दोन आठवड्यांत बोटांच्या बेचक्या लाल झाल्या, मग पेरांवर भेगा पडल्या. सॅनिटायझर लावलं की डोळ्यांत पाणी यायचं. मग माझ्यासारख्या कितीतरी सिस्टर करतात तेच मीही केलं. सॅनिटायझर बंद केलं आणि प्रत्येक पेशंटनंतर साबणाने हात धुऊ लागले. आठ दिवसांत भेगांतून रक्त आलं.

सगळ्यात मोठी चूक हीच. कातडी आधीच फाटलेली असते, म्हणून सॅनिटायझर झोंबतं. ती फाटते मुख्यतः वारंवारच्या साबण-पाण्याने. साबण कातडीतली स्निग्धता ओढून नेतो, आणि ती भरून निघण्याआधीच आपण पुन्हा नळाखाली हात धरतो. गरम पाण्याने तर आणखी नुकसान. चांगल्या हॅण्डरबमध्ये, म्हणजे अल्कोहोलच्या सॅनिटायझरमध्ये, ग्लिसरीन असतं, त्यामुळे तो साबणापेक्षा सौम्य पडतो. हात दिसायला स्वच्छ असतील तर हॅण्डरब 20 ते 30 सेकंद चोळा. हात मळले, रक्त लागलं, जुलाबाचा पेशंट हाताळला, शौचालयातून आलात किंवा जेवायला बसताय, तर साबण. धुतल्यावर लगेच वरून हॅण्डरब चोळायची सवय मात्र सोडाच.

हात ओले असताना ग्लोव्हज घालू नका. नागपूरचा पंचेचाळीस डिग्रीचा उन्हाळा आणि वर पीपीई किट. आत घाम साचून कातडी भिजत राहते. आतून पातळ सुती ग्लोव्हज घातले तर बराच आराम पडतो. अंगठी घरी ठेवा, तिच्याखाली साबण अडकतो.

ग्लोव्हज लेटेक्सचे (नैसर्गिक रबराचे) नाहीत, नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) आहेत म्हणून निर्धोक, असंही समजू नका. रबर तयार करताना वापरलेल्या रसायनांची ॲलर्जी नायट्राइलनेही होऊ शकते. ग्लोव्हज जिथे संपतात तिथेच मनगटावर खाजरा पट्टा उठला, तर पॅच टेस्ट (संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून ॲलर्जी तपासतात ती) करून घ्या.

मेडिकल स्टोअरमधून तीन-चार औषधं एकत्र असलेलं मलम स्वतःहून आणू नका. त्यात बहुतेक वेळा तीव्र स्टेरॉइड असतं. इसबावर स्टेरॉइड हा खरा उपचार आहे, पण किती आणि किती दिवस ते डॉक्टरांनी ठरवायचं. गजकर्ण असेल तर त्याने उलट चिघळतं. रोजच्यासाठी साधं, बिनवासाचं व्हॅसलीन पुरे. ड्युटी संपली की लावा, झोपताना जाडसर.

हायपोक्लोराइटने (ब्लीचच्या पाण्याने) फरशी पुसणाऱ्या मावशींचे हातही बघत जा. त्या आपणहून सांगत नाहीत. त्यांना नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा एम्स या सरकारी रुग्णालयांच्या स्किन ओपीडीत न्या आणि सोबत वापरातला ग्लोव्हजचा जोड व साबणाचं वेष्टन ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.