टीएसएच थोडासाच वाढलाय? या चुका टाळा

टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक, ग्रंथी मंदावली की ते वाढतं) ६.८ आणि खालच्याच ओळीत फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) अगदी नॉर्मल. चेकअपच्या पॅकेजमधून असा रिपोर्ट हाती पडला की घरात लगेच ‘थायरॉइड निघाला’ सुरू होतं. एवढ्यावर आयुष्यभराची थायरॉक्सिनची (थायरॉइड संप्रेरकाची) गोळी सुरू करून घेऊ नका. टीएसएच रात्री-पहाटे चढतो, दुपारी उतरतो; आजारातून उठतानाही तात्पुरता वाढतो. दोन-तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये, सकाळी त्याच सुमारास पुन्हा तपासा, सोबत अँटी-टीपीओही (थायरॉइडवर हल्ला करणाऱ्या अँटीबॉडीची टेस्ट) करा. ती पॉझिटिव्ह असेल तर ग्रंथी पुढे आणखी मंदावण्याची शक्यता जास्त. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेवा, त्याने आकडे चुकतात.

थकवा, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, पाळीत जास्त रक्तस्राव, भर मे महिन्यात पंखा नकोसा होणं ही लक्षणं खरीच. पण थकव्यामागे हिमोग्लोबिन किंवा बी१२ ची कमतरताही असते, तीही बघा. आणि एवढ्याशा टीएसएचने दहा-बारा किलो वजन वाढत नाही. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही!

टीएसएच १० च्या वर टिकून राहिला तर बहुतेक डॉक्टर औषध देतात. त्याखाली वय, लक्षणं, अँटीबॉडी बघून ठरतं. सत्तरीनंतर आकडा वयामुळेही थोडा वर असतो. गोळीने अशा ज्येष्ठांचा थकवा कमी होत नाही, असं २०१७ च्या ‘ट्रस्ट’ नावाच्या वैद्यकीय अभ्यासात दिसलं. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल, तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

खरा घोळ होतो गोळी घेताना. एका हातात गोळी, दुसऱ्यात चहाचा कप! गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनंतर, नाहीतर त्या थायरॉइडच्या गोळीचं शोषण अडवतात. सकाळी जमतच नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री, जेवणानंतर तीन तासांनी. शंभर गोळ्यांची बाटली ओट्यावर गॅसशेजारी ठेवू नका, उष्णता आणि दमटपणा तिला सोसत नाही. डोस बदलल्यावर पंधरा दिवसांत टेस्ट करणं म्हणजे पैसे वाया. सहा ते आठ आठवडे जाऊ द्या. धडधड, हात थरथरणं सुरू झालं तर डोस जास्त होत असेल, डॉक्टरांना कळवा.

शिजवलेल्या कोबी-फ्लॉवरला घाबरू नका. आयोडीनयुक्त मीठ सोडून सैंधवावर जाऊ नका आणि आयोडीनच्या गोळ्याही मनाने घेऊ नका. जास्त आयोडीननेही थायरॉइड मंदावतो.