बार्सिलोनाला विमानाने, पुढे अमेरिकेला जहाजाने: निघण्याआधी

जुना पासपोर्ट. आधी कपाट उघडा, तो बाहेर काढा आणि मगच पुढचं वाचा.

मागच्या वर्षी आम्ही दोघं मुंबई-बार्सिलोना एकेरी तिकीट काढून गेलो. तिथून चौदा दिवसांचं जहाज, फ्लोरिडाला उतरायचं आणि पुढे न्यू जर्सीला मुलाकडे. जहाज गेलं, पण आम्हाला न घेता. ह्यांचा दहा वर्षांचा अमेरिकन व्हिसा जुन्या पासपोर्टवर आणि जुना पासपोर्ट डोंबिवलीत, गोदरेजच्या कपाटात, माझ्या पैठणीखाली. नवीन पासपोर्ट आला, त्यावर शेंगेन व्हिसा (स्पेन धरून युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) लागला आणि डोक्यात तेवढाच राहिला. जहाजाचं ऑनलाइन चेक-इन करताना व्हिसाचा नंबर मोबाईलमधल्या फोटोवरून बघून भरला. शेंगेनच्या अर्जाला त्याचीच झेरॉक्स जोडली. मुंबई विमानतळावर परतीचं तिकीट विचारलं, जहाजाचं बुकिंग दाखवलं, मुलीने मान डोलावली. सगळीकडे निभावलं म्हणून कोणालाच आठवण झाली नाही. बंदरावरच्या काउंटरवर मात्र फोटो चालत नाही. पासपोर्ट रद्द झाला तरी त्यावरचा व्हिसा मुदतीत असेल, पान फाटलेलं नसेल, तर चालतो. पण तो कागद हातात लागतो. दोन्ही पासपोर्ट रबरबँडने एकत्र बांधा. आत्ता.

आता बाकीचं. ही जहाजं ऑक्टोबर-नोव्हेंबरात युरोपचा मोसम संपवून कॅरिबियनकडे निघतात. त्यांना तसंही जायचंच असतं, म्हणून भाडं दिवसाच्या हिशोबाने बरंच स्वस्त पडतं. उलटी फेरी थेट एप्रिलच्या सुमारास, त्यामुळे विमान एका बाजूचंच लागतं. पण नुसतं एकेरी तिकीट कधीकधी परतीच्या तिकिटाएवढं महाग निघतं. मुंबई-बार्सिलोना आणि नेवार्क-मुंबई असं मल्टी-सिटी तिकीट एकत्र काढून बघा. शेंगेनवाले परतीचं तिकीट मागतात आणि अमेरिकेचा अधिकारीही परत कधी जाणार विचारतो. दोघांनाही हेच दाखवता येतं. शिवाय जहाजाचं बुकिंग छापून घ्या. दोन प्रती.

बंदरं कुठली लागतात ते नीट वाचा. मालागा, कादिझ, तेनेरीफ सगळं स्पेनच आहे, एकदा आत शिरलात की झालं. मध्ये मोरोक्कोचं कासाब्लांका आलं आणि नंतर पुन्हा स्पेनचं बंदर असेल, तर तुम्ही शेंगेनबाहेर जाऊन परत आत येता. सिंगल एन्ट्री तिथेच संपते. मल्टिपल मागा.

विम्याचं कोणी नीट सांगत नाही. शेंगेनसाठी किमान 30,000 युरोचा मागतात, लोक तेवढाच घेतात आणि तो फक्त युरोपपुरता असतो. समुद्रात आणि अमेरिकेत त्याचा उपयोग शून्य. अमेरिका धरून जगभराचा घ्या, त्यात जहाजावरून हॉस्पिटलला हलवण्याचा खर्च आहे का ते विचारा. जहाजावरचा डॉक्टर बिल डॉलरमध्ये लावतो.

बार्सिलोनाला दोन दिवस आधी पोचा. त्याच दिवशी उतरून जहाज धरू म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. विमान दोहाला अडकलं तर जहाज थांबत नाही. दोन दिवस हातात असते तर आमचा पासपोर्टही कुरियरने आला असता का, हा हिशोब हे अजून करत बसतात. नसता आला. ला रांब्ला या रस्त्याच्या टोकाला, बंदराच्या तोंडाशी, 60 मीटर उंचीचा कोलंबसचा स्तंभ आहे, 1888 सालचा. वर तो बोट दाखवत उभा आहे आणि ते बोट अमेरिकेकडे नाहीच. आम्ही त्याच्या पायथ्याशी चार बॅगा घेऊन बसलो होतो. हे म्हणाले, "याला कोणी व्हिसा विचारला नाही." मी दिवसभर बोलले नाही.

म्हणून पुन्हा: जुना पासपोर्ट चेक-इनच्या बॅगेत नको, खांद्यावरच्या पिशवीत. बोर्डिंगला मोठ्या बॅगा पोर्टर घेतात, त्या संध्याकाळीच केबिनशी येतात. औषधं, प्रिस्क्रिप्शन, चष्मा आणि एक कपड्यांचा जोड हाताशीच ठेवा. इस्त्री आणि इलेक्ट्रिक किटली नेऊ नका, काढून घेतात. चहाचं वेड असेल तर जहाजावर गरम पाणी मिळतं, पत्ती आपली न्या.

शाकाहारी, जैन जेवणाचं बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, जहाजावर गेल्यावर आदल्या रात्री उद्याचं सांगून ठेवा. मेतकूट, चटणी चालते. केबिन जहाजाच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची घ्या, डुलणं कमी लागतं. मळमळीवरची ॲव्होमिन गोळी ठेवा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं रोमिंग बिल घरी वाट बघत असेल. टिप रोजची, माणशी, खात्यात आपोआप लागते. आधीच हिशोबात धरा.

पश्चिमेला जाताना घड्याळ एकूण सहा तास मागे जातं, बहुतेक एकेक तासाने, म्हणजे सहा दिवस पंचवीस तासांचे. झोप छान होते. बीपीच्या गोळीची वेळ मात्र सांभाळा.

उतरताना फळं, घरचं खाणं बरोबर ठेवू नका. इमिग्रेशनला दोन्ही पासपोर्ट, हो, दोन्ही. फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलला उतरणार असाल तर तिथला विमानतळ बंदराला लागूनच आहे, तरी दुपारी एकच्या आधीचं विमान घेऊ नका.