लॅप कोलीत (दुर्बिणीतून पित्ताशय काढताना) रक्त उडालं? या चुका टाळा

कॅलॉट्स ट्रँगलमध्ये (पित्ताशयाच्या मानेजवळचा त्रिकोणी भाग) सिस्टिक आर्टरी, म्हणजे पित्ताशयाची धमनी, सुटली की मॉनिटर क्षणात लाल होतो आणि हात आपोआप क्लिप ॲप्लायरकडे (रक्तवाहिनीला चिमटा लावायचं साधन) जातो. सगळ्यात घातक चूक हीच. रक्ताच्या डबक्यात अंदाजाने लावलेली क्लिप किंवा कॉटरी (विजेचा चटका) उजव्या हिपॅटिक आर्टरीवर (लिव्हरची धमनी) नाहीतर मुख्य पित्तनलिकेवर बसू शकते. रक्त बहुतेक वेळा थांबवता येतं; पित्तनलिकेची इजा मात्र पेशंटला वर्षानुवर्षं भोगावी लागते.

आधी दाबा. हार्टमन्स पाउच (पित्ताशयाच्या मानेजवळचा फुगवटा) ग्रास्परने, म्हणजे पकडीने, त्याच जागेवर टेकवा, किंवा 10 मिमीच्या पोर्टमधून (साधनं आत घालायची नळी) गॉज आत सोडून दाब द्या. घड्याळ बघून 5 मिनिटं. मध्येच उचलून पाहू नका, धरू लागलेली गुठळी निघून येते. तेवढ्यात कॅमेरा मागे घ्या, लेन्स पुसा, भूलतज्ज्ञांना सांगा, लागला तर आणखी एक पोर्ट घाला. आत गेलेला प्रत्येक गॉज सिस्टरनी फळ्यावर लिहिलेला हवा.

सक्शन सलग चालू ठेवलं की पोट फुगवायला भरलेला गॅस ओढला जातो, पोट बसतं आणि होती तेवढी जागाही जाते. थोडं थोडं ओढा. मग दाब हळूहळू सैल करून आर्टरीचं तुटलेलं टोक मेरिलँडने (बारीक वाकड्या टोकाची पकड) नेमकं धरा. क्लिपची दोन्ही टोकं दिसत असतील तरच ती बंद करा. आर्टरीची पुढची शाखा बांधली म्हणून निर्धास्त राहू नका. मागची शाखा वर, पित्ताशय सोडवताना, हमखास फसवते.

लिव्हर बेडमधून (पित्ताशय लिव्हरला चिकटलेली जागा) गडद रक्त येत असेल तर बहुधा प्लेन, म्हणजे सोडवण्याचा थर, खोल गेलेलं असतं आणि मिडल हिपॅटिक व्हेनची (लिव्हरची मधली शीर) फांदी उघडलेली असते. तिथे कॉटरी खुपसत राहिलात तर भोक मोठं होतं. गॉजचा दाब, सर्जिसेल (रक्त थांबवणारी, आपोआप विरघळणारी जाळी), नाहीच थांबलं तर टाका.

शेवटी गॅसचा दाब 8 mmHg पर्यंत उतरवून पुन्हा बघा. 12-14 वर दबलेली शीर तेव्हा बोलते, म्हणजे रक्त सोडते. पोर्टही कॅमेऱ्यासमोरच काढा.

दाबूनही रक्त आवरत नसेल किंवा बीपी घसरत असेल तर पोट उघडा, त्यात कमीपणा नाही. पोट उघडायच्या साधनांचा ट्रे खोलीतच हवा. पुण्याच्या पेठांतल्या छोट्या नर्सिंग होममध्ये सहसा स्वतःची रक्तपेढी नसते, आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून पिशवी यायला वेळ लागतो. पित्ताशय सुजलेलं किंवा चिकटलेलं असेल तर क्रॉसमॅच (पेशंटशी रक्त जुळवून पाहणं) सकाळीच करून ठेवा.