उंबरातली चिलटं आणि अंजिराची बाग: या चुका टाळा

बार्शी-मोहोळकडे विहिरीपाशी जुना उंबर आणि शेजारी नवी अंजिराची बाग असली, की एक घोळ हमखास होतो. उंबरातून बारीक काळसर चिलटं निघताना दिसतात आणि माणूस पंप पाठीला लावतो. कीड बागेत घुसेल म्हणे!

घुसत नाही. ती उंबराची गांधीलमाशी आहे, जेमतेम दोनेक मिलिमीटरची. वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी. उंबराची माशी अंजिराकडे ढुंकूनही बघत नाही. फवारणीने बाग वाचत नाही, उंबराचं परागीभवन मात्र अडतं.

खात्री करायची तर फळ कापून बघा, पण लालबुंद पिकलेलं नको. त्यातल्या माद्या केव्हाच उडालेल्या असतात, उरतात मुंग्या नि माश्या. रंग बदलू लागलेलं, अजून टणक असलेलं घ्या. आत भिंतीला शेकडो फुलं चिकटलेली दिसतील. उंबराची फुलं ती हीच. माशीच्या नराला पंख नसतात. तो आतच मादीशी जुळतो, बाहेर पडायला भोक पाडतो आणि संपतो. मादी पराग घेऊन त्या भोकातून निघते. दुसऱ्या उंबराच्या कोवळ्या फळात, फळाच्या तोंडावरच्या खवल्यांमधून शिरताना तिचे पंख तुटतात, म्हणजे परतीचा रस्ता बंद. परागीभवन करून, अंडी घालून ती तिथेच मरते.

बाहेर तिला मिळतात फार तर एक-दोन दिवस. एका झाडावरची फळं बहुधा एकदमच तयार होतात, म्हणून तिला दुसरं झाड गाठावं लागतं. बांधावरचे उंबर एकेक करून तोडत गेलं, की राहिलेल्या झाडाची फळं पिकण्याआधीच गळतात. मग दोष खताला! वटपौर्णिमेला कच्च्या फळांसकट फांद्या ओरबाडणं हाही तोच प्रकार. अक्कलकोटला वटवृक्षापुढे हात जोडायचे आणि घरच्या पूजेला फांदी तोडायची, हे मला पटत नाही.

आता अंजीर. आपल्याकडची पुना जात परागीभवनाशिवायच फळते. त्यामुळे फळं गळाली तर माशी नाही म्हणून रडू नका. पाण्याच्या पाळ्या कधी लांबल्या, कधी मुळाशी पाणी साचलं, तांबेरा रोगाने पानं झडली का, हे आधी तपासा. आणि या अंजिराचं बी पेरून रोप येईल ही आशा सोडा. फलन नसल्याने बी पोकळ असतं. फाटे कलम किंवा गुटी लावा.

उपवासवाल्यांचा प्रश्न नेहमीचा: अंजिरात माशी असते का? पुना अंजिरात नाही. तुर्कस्तानच्या स्मिर्ना जातीला माशी लागते, पण आत मेलेली माशी फळातल्या विकराने (एन्झाइमने) बरीचशी विरघळते. दाताखाली कुरकुरतं ते बी.