डार्ट बेडकांची काचपेटी : या चुका टाळा

मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या पावसाळी जंगलांचे डार्ट बेडूक, म्हणजे छोटे, रंगीबेरंगी बेडूक, बेळगाव-खानापूरच्या हवेत आपोआप रमतील, असा समज अनेकांचा असतो आणि जून ते सप्टेंबर तो खराही वाटतो. एप्रिलमध्ये, दुपारचा पारा ३५ अंशांपुढे गेला की, तो महागात पडतो. या बेडकांना साधारण २२ ते २६ अंश सेल्सिअस मानवते. ३० अंशांवर त्यांच्या जिवाला धोका असतो, आणि दिवा लावलेली काचपेटी खोलीपेक्षाही गरम होते. त्यामुळे पेटी घेण्याआधी खोली निवडावी. पत्र्याखालची माडी आणि पश्चिमेची खिडकी दोन्ही टाळावीत. तापमापक तळाशी आणि दिव्याखाली असे दोन लावावेत. बेडूक दिवसभर पाण्यात बसून राहू लागला, तर दिवा बंद करून वरच्या जाळीवर छोटा पंखा सोडावा व पाण्याचा फवारा द्यावा. बर्फ टाकू नये.

ओलावा हवा म्हणून जाळी पूर्ण झाकणे ही दुसरी चूक. काच सतत धुरकट राहिली आणि मातीला आंबूस वास आला, तर तळाशी पाणी साचले आहे असे समजावे. भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्यांचा चार-पाच सेंटिमीटर थर, त्यावर बारीक जाळी आणि मग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अशी रचना असली, तर साचलेले पाणी नळीने ओढून काढता येते. फवाऱ्यासाठी क्लोरीनयुक्त नळाचे पाणी थेट वापरू नये. बोअरच्या जड पाण्याने काचेवर पांढरे डाग पडतात, तेव्हा आर.ओ.चे पाणी बरे. बेडकाची त्वचा बरेच काही शोषून घेते. निपाणीकडे तंबाखू हाताळणाऱ्यांनी तर हात स्वच्छ धुतल्याशिवाय पेटी उघडूच नये.

जांबोटी-चोर्ल्याच्या रानातले शेवाळ आणून घालण्याचा मोह होतो. त्यासोबत कायट्रिड ही बेडकांच्या त्वचेला जडणारी घातक बुरशी पेटीत येऊ शकते, आणि पेटीतले पाणी ओढ्यात ओतले तर उलटा संसर्ग भीमगड अभयारण्यातल्या बेडकांपर्यंत जाऊ शकतो. त्याऐवजी परसातली फवारणी न झालेली बदामाची पाने उकळून पेटीच्या तळाशी वापरावीत.

या बेडकांच्या बहुतेक पाळीव जाती साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. कागदपत्रांविना बेडूक घेऊ नयेत.

मुंग्या हे त्यांचे रानातले खाद्य, पण घरात त्या देऊ नयेत. बिनपंखी फळमाश्यांना कॅल्शियम व डी-३ जीवनसत्त्वाची पूड लावून द्यावी. कमरेची हाडे दिसू लागली, तर माश्या वाढवाव्यात आणि तरीही फरक पडला नाही, तर पशुवैद्याकडून विष्ठा जंतांसाठी तपासून घ्यावी.