व्यसनमुक्ती केंद्रात बायकांना एचआयव्हीबद्दल सांगताना या चुका टाळा

"मला कशाला वो हे सांगताय? मी काय तसली बाई नव्हं." निपाणी, चिक्कोडी, खानापूरकडून दारू सोडायला आलेल्या बायकांपुढे एचआयव्हीचा विषय काढला की हे हमखास ऐकायला मिळतं. त्यावर "नवऱ्याशी एकनिष्ठ राहा" असं सांगणं ही पहिली चूक. ती आहेच एकनिष्ठ. आपल्याकडे लग्न झालेल्या बाईला हा संसर्ग बहुतेक वेळा नवऱ्याकडूनच होतो, हे तिला स्पष्ट सांगा.

"निरोध वापरा" एवढ्यावरही थांबू नका. तो पिऊन आलेला, तीही प्यालेली. त्या रात्री निरोधाचं नाव कोण काढणार? म्हणून तिला चालत असेल तर भेटीच्या दिवशी नवऱ्याला बोलवा आणि दोघांची तपासणी तुम्हीच सुचवा. तिनं सुचवलं की संशय तिच्यावरच येतो. मात्र घरात मारहाण होते का, हे आधी तिला एकटीला विचारा. सासू शेजारी बसलेली असताना कोणी खरं बोलत नाही.

दाखल झाल्या झाल्या माहिती देऊन मोकळं होणं ही सर्रास होणारी चूक. पहिले तीन-चार दिवस हात थरथरतात, झोप लागत नाही, काहींना भास होतात. त्यात कानडी फॉर्म पुढे करून "अक्का, इथं अंगठा उठवा" म्हणायचं, ही संमती नव्हे. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं समजून दिलेली संमती आणि गोपनीयता दोन्ही बंधनकारक केली आहेत. जरा सावरू द्या, मग मराठीत सांगा.

रिपोर्ट निगेटिव्ह आला की विषय संपला, असं धरू नका. ताजा संसर्ग तपासणीत लगेच दिसत नाही. शेवटच्या जोखमीनंतर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला लावा. बळजबरी झाली असेल किंवा दुसऱ्याची सुई टोचून घेतली असेल, तर मात्र वाट बघू नका. प्रतिबंधक गोळ्या 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, जितक्या लवकर तितक्या चांगल्या, आणि 28 दिवस चालतात.

सगळ्यात घातक चूक गोळ्यांच्या बाबतीत होते. "दारूवर गोळी घेऊ नको" असं कोणीतरी सांगतं आणि पाय घसरला की बाई एआरटीची, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी रोजची गोळीच सोडते. असा खंड पडत गेला की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. प्यालात तरी त्या दिवसाची गोळी चुकवू नका, हे तिला निक्षून सांगा. गरोदर बाईला तर दोनदा सांगा: वेळेत आणि नियमित औषध घेतलं तर बाळाला होणारा धोका खूप कमी होतो.

तालुक्याच्या दवाखान्यात ओळखीचं कोणी बघेल ही भीती खरी आहे, ती उडवून लावू नका. सरकारी तपासणी आणि एआरटी दोन्ही मोफत आहेत. गडहिंग्लज, कोल्हापूरला माहेर असेल तर तिकडे तपासून घेता येतं, पुढे एआरटी केंद्रही बदलून मिळतं. 1097 हा मोफत हेल्पलाइन नंबर तिला चिठ्ठीवर न देता तोंडपाठ करून द्या. चिठ्ठी घरात कोणाच्याही हाताला लागते.