नाथसागरावर वारा पडला की होडीला पंखा (प्रोपेलर) कोणता?

पैठणला उन्हाळ्यातल्या सकाळी वारा नुसता नावाला. अशा वेळी शिडाच्या होडीला तीन पात्यांचा, न मिटणारा पक्का पंखा मागं ओढतो. आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागं बाहेर टांगलेलं इंजिन असेल तर पंख्यावर पैसे घालूच नका. इंजिन पाण्याबाहेर उचला, झालं. इनबोर्डला, म्हणजे होडीच्या आत बसवलेल्या इंजिनाला, मी घडीचाच सांगेन. इंजिन बंद करून रिव्हर्स गिअर टाकला की पंख्याचा दांडा थांबतो आणि पाण्याच्या रेट्यानं पाती मागं मिटतात. रिव्हर्समध्ये मात्र तो लेचापेचा. धक्क्याशी जागा अडचणीची असेल तर पाती धारेवर वळणारा फेदरिंग पंखा बरा, पण खिसा रिकामा करतो. मागवण्याआधी दांड्याची जाडी, त्याचा टेपर (टोकाकडचा निमुळतेपणा), फिरण्याची दिशा लिहून घ्या. गोड्या पाण्यात अ‍ॅनोड, म्हणजे पंख्या-दांड्याऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, मॅग्नेशियमचा लावा. दुकानदार समुद्रातला जस्ताचाच गळ्यात मारतात.